यादीतलं अकरावं स्थळ

चहा टाकलाय, उकळेपर्यंत बसा. माझी फजिती तुम्ही कुठून ना कुठून ऐकणारच आहात, मग माझ्याच तोंडून ऐका ना! आमच्या बिल्डिंगमध्ये ती प्रत्येक मजल्यावर वेगळी सांगतात. दुसऱ्या मजल्यावर तर मला रडवतातसुद्धा. मी रडले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. तोवर वाशीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीत परदेशी जाऊन आलेलं माणूस एकच, दुसऱ्या मजल्यावरच्या सुलभा वहिनी. त्या सिंगापूरला जाऊन आल्या होत्या. येऊन चार वर्षं झाली, तरी त्यांचं जाऊन येणं काही संपत नव्हतं. चहा दिला की "सिंगापूरला ना, चहा असा नसतो," आणि लाइट गेले की "सिंगापूरला ना, लाइट जातच नाहीत!"

अशात आमच्या ह्यांच्या कंपनीनं एक मशीन मागवलं. कंपनी ठाणे-बेलापूर रोडवर आणि मशीन बनवणारे लक्झेंबर्गमध्ये. ते शिकायला ह्यांना दोन आठवडे पाठवायचं ठरलं. मी म्हटलं, मी पण येणार. तुम्ही मशीन बघा, मी देश बघते.

"लक्झेंबर्ग? हे कुठे आलं बाई?" सुलभा वहिनींनी विचारलं. मी ॲटलास काढला. अहो, तो देश एवढासा, की त्याचं नाव त्याच्यात मावेना म्हणून शेजारच्या देशात लिहिलेलं! त्यावर बोट ठेवलं की देश गायब. वहिनी हसल्या. "एका दुपारीत बघून होईल तुमचा."

मला आला राग. मी म्हटलं, "लहान असला म्हणून काय झालं? तिथे राजा आहे, किल्ले आहेत. जेवढी बघण्यासारखी ठिकाणं असतील तेवढी सगळी बघणार, प्रत्येकाचा फोटो आणणार, आणि सगळ्या सोसायटीला बोलावून दाखवणार. एक जरी राहिलं ना, तर परत परदेशाचं नाव काढणार नाही!"

आता एवढं बोलल्यावर मागे कशी फिरणार?

अडलं कुठे, तर पायांत. थंडीत साडीखाली घालायचं काय? माझ्याकडे सगळ्या चपला. शेवटी नाक मुठीत धरून सुलभा वहिनींकडेच गेले. त्यांच्याकडे सिंगापूरहून आणलेले बूट होते. पांढरेशुभ्र, निळ्या पट्टीचे. चार वर्षं खोक्यातच. दर दिवाळीला त्या ते काढायच्या, पुसायच्या आणि परत ठेवायच्या.

त्यांनी खोका माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "जपा हं. माझ्या मिस्टरांनी पहिल्यांदाच मला काहीतरी स्वतःहून घेतलं होतं."

मी म्हटलं, "वहिनी, डोळ्यात तेल घालून जपीन. जसे नेले तसे परत आणीन." मनापासून म्हटलं हो. त्यांचा आवाज ऐकून मलाच कसंतरी झालं होतं.

तर पोचलो. हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईनं मला एक छापील कागद दिला, देशातली बघण्यासारखी दहा ठिकाणं, चित्रांसकट. मी म्हटलं, मिळाला पेपर! आता दहापैकी दहा.

पहिल्याच शनिवारी आम्ही निघालो. काठापदराची साडी, वर ह्यांचा स्वेटर, त्यावर शाल आणि पायांत सिंगापूर. दिसत मी कशी होते ते विचारू नका, चालत मात्र झोकात होते.

एक नंबर राजवाडा. अहो, राजवाडा म्हणे! चक्क रस्त्याला लागून. ना पुढे अंगण, ना कंपाउंड. एक शिपाई बंदूक घेऊन येरझाऱ्या घालतोय, बस. आमच्या सोसायटीला निदान गेट आहे. दोन नंबर, खडकात खोदलेली भुयारं. पूर्वी तिथे तोफा ठेवायचे. ती मात्र बघण्यासारखी आहेत, खोटं कशाला बोलू? तीन नंबर पूल. आता पूल काय बघायचा, सांगा! आमचा खाडीपूल त्याच्या कितीतरी पट लांब. रोज हजारो माणसं जातात, कुणी मान वळवून बघतं का? पण फोटो काढला, यादीवर खूण केली आणि चार नंबरकडे निघालो.

चार नंबर म्हणजे जुनं, भलंमोठं चर्च. मी दाराशी थांबले आणि नाडी सोडायला लागले.

"हे काय करतेस?" ह्यांनी विचारलं.

"बूट काढतेय. देवाच्या घरात बूट घालून जाऊ?"

"अगं, इथे कुणी काढत नाही. बघ तरी, बाहेर एक तरी जोडी आहे का?"

"त्यांना नाही वळण, म्हणून आपण पण सोडायचं? आपले संस्कार काय विमानतळावर जमा करून आलो?"

हे बाजूला सरकले. पंधरा वर्षांच्या संसारात तेवढं शिकलेत ते.

आता तुम्हाला माहीतच आहे, चांगल्या चपला देवळाबाहेर शेजारी-शेजारी काढायच्या नसतात. एक इथे ठेवायची, दुसरी तिथे. एका पायाची नेऊन चोर करणार काय? ही माझ्या आईची युक्ती. तिच्या जिवावर गणपतीच्या एवढ्या गर्दीतून माझी चप्पल आजवर गेलेली नाही. आणि हे तर सुलभा वहिनींचे बूट! उजवा मी दाराजवळच्या मोठ्या कुंडीमागे सरकवला. डावा घेऊन मोज्यांवर पार कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे लोखंडी गजांचं कुंपण होतं, त्याच्या खाली भिंतीला चिकटून ठेवला. येणारेजाणारे थांबून बघत होते. मी मनात म्हटलं, बघा, शिका जरा!

आत पंधरा मिनिटं बसलो. छान शांत होतं, मी देवाला हातबित जोडले. बाहेर आले. कुंडीमागे उजवा बूट जागच्या जागी. कोपऱ्यावर गेले, तर डावा नाही!

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आधीच गार, त्यात सरकली. मी वाकून वाकून सगळा फूटपाथ बघितला, गटाराच्या जाळीत डोकावले, झुडपाखाली हात घातला. हे म्हणाले, "मी सांगत होतो..." मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवत एक आजीबाई आल्या. मी त्यांना माझा पाय दाखवला, हातातला बूट दाखवला आणि "दुसरा गेला" असा हात हलवला. आजीबाई हसल्या. त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि बोट वर केलं. मी "नाही, नाही" म्हटलं, तर परत बोट वर. असं तीनदा!

"काय म्हणतायत गं?" ह्यांनी विचारलं.

"काय म्हणणार? वरच्याची इच्छा म्हणतायत." परक्या देशातली बाई, पण किती समजूतदार! मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या गोंधळल्या, त्यांनीही जमेल तसे हात जोडले, आणि कुत्र्याला घेऊन निघून गेल्या.

हे म्हणाले, "उजेड जायच्या आत फोटो काढून घेऊ. नाहीतर चार नंबर राहील." आमच्या ह्यांची फोटोची एक रीत आहे. इमारतीचा कळस आलाच पाहिजे, मग खाली बायको मुंगीएवढी झाली तरी चालेल. ते गेले रस्त्यापलीकडे. मी कुंपणापाशी उभी, हातात उजवा बूट. "हस!" असं पलीकडून ओरडले. मी कसली हसतेय!

पुढची सहा ठिकाणं मी मोज्यांवर चपला घालून बघितली. डोंगरावरचा किल्ला मोज्यांवर चपला, नदीकाठचे द्राक्षांचे मळे मोज्यांवर चपला. पण दहाच्या दहा बघितली! शब्द म्हणजे शब्द.

वाशीला परत आले आणि आधी दुसऱ्या मजल्यावर गेले. उजवा बूट त्यांच्या हातात ठेवला. "वहिनी, डावा चोरीला गेला."

"एकच?"

"एकच."

"म्हणजे? चोर लंगडा होता काय?"

इथे माझं चुकलं बघा. मला खोटं बोलायचं नव्हतं हो! पण लोक प्रश्न विचारतात ना, मग उत्तरं द्यावी लागतात. एकच कसा नेला? तर त्याला कुणाची तरी चाहूल लागली असेल. म्हणजे तुम्ही बघितलंत त्याला? पाठमोरा. एकटाच होता? दोघं असावेत. रविवारपर्यंत माझे चोर मोटारसायकलवर बसले. तिथल्या एका म्हातारीनंसुद्धा "इथे आता देवच राखणारा" असं वर बोट दाखवून कबूल केलं, हे तर मी सगळ्यांना करून दाखवत होते.

गंमत म्हणजे सुलभा वहिनींचा राग गेला! त्या जिन्यात सांगायला लागल्या, "सिंगापूरचा माल. युरोपातल्या चोरांची पण नजर गेली, बोला!" सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, की जिथे देवाच्या दारातून बूट जातात त्या युरोपापेक्षा आपली वाशी शंभर पट बरी, पण आपणही गाफील राहता कामा नये. त्याच मीटिंगमध्ये गेटवर दुसरा वॉचमन ठेवायचा ठराव पास झाला. सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी पण मान तुकवली. माझ्यामुळे सोसायटीचं भलं झालं, अभिमान नको वाटायला?

मग फोटो धुऊन आले. ठरल्याप्रमाणे मी सगळ्यांना घरी बोलावलं. बटाटेवडे केले, चहाचं मोठं पातेलं चढवलं. यादी टीपॉयवर मधोमध ठेवली, दहाही खुणा दिसतील अशी. अल्बम हातोहात फिरायला लागला. राजवाडा झाला, भुयारं झाली. "आणि हे ते चर्च!" मी म्हटलं. "इथेच झाला प्रकार." सगळ्यांनी चक् चक् केलं. मी परत म्हातारीचं बोट करून दाखवलं.

अल्बम तळमजल्यावरच्या नानांकडे गेला. नाना मूळचे इथल्याच गावातले, आम्ही फ्लॅटवाले यायच्या आधीपासूनचे. पेपर वाचायला त्यांच्या खिशात कायम भिंग असतं. ते लावून नाना फोटो बघत बसले. बघतायत, बघतायत, पान काही उलटत नाहीत.

"वयनी," नाना म्हणाले, "यो तुमच्या डोक्यावर पांढरा काय हाय?"

"कबुतर असेल, नाना. तिकडे फार कबुतरं."

नानांनी भिंग पुढे-मागे केलं. "कबुतराला नाडी कवापासून आली?"

सुलभा वहिनींनी वडा खाली ठेवला, उठल्या, नानांच्या हातातून भिंग घेतलं आणि वाकल्या. मी पण वाकले.

कुंपणाच्या गजाच्या टोकावर, बरोब्बर माझ्या डोक्यावर, डावा बूट! निळ्या पट्टीसकट! कुणा भल्या माणसानं रस्त्यात पडलेला एकटा बूट उचलून, ज्याचा असेल त्याला लांबून दिसावा म्हणून उंचावर नीट लावून ठेवला होता. आणि त्याच्याखाली मी उभी. हातात उजवा, तोंड वाकडं, आणि नजर जमिनीवर.

"म्हंजे ती म्हातारी," नाना सावकाश म्हणाले, "वरती बोट दाखवून बूटच दाखवत व्हती."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. कळस बरोबर आला होता ना त्यांचा!

मी सुलभा वहिनींचा हात धरला. "वहिनी, चुकले मी. खरंच चुकले. चोर नव्हता हो कुणी." माझा चेहरा रडवेला झाला असेल, तेवढं मान्य. वहिनी फोटो हातात घेऊन बघत राहिल्या. मला वाटलं, आता दुसऱ्या मजल्याचा उंबरा मला बंद. तर त्यांचे खांदे हलायला लागले. बघते तर बाई हसतायत! हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"माझ्या मिस्टरांना दाखवते हा फोटो," त्या म्हणाल्या. "चार वर्षं खोक्यात ठेवले म्हणून बोलतात मला. म्हणावं, बघा कुठे लावलाय तुमचा बूट!"

मग जो काही हशा झाला, तो तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला असेल. सेक्रेटरींना मी हळूच विचारलं, वॉचमनचा ठराव मागे घ्यायचा का? ते म्हणाले, "राहू दे. तुमचे बूट शोधायला लागेल कुणीतरी."

नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टीपॉयवरची माझी यादी पुढे ओढली आणि दहाव्या ठिकाणाच्या खाली जपून, वळणदार अक्षरात लिहिलं: "११. सुलभावयनींचा बूट." मग भिंग लावून एकदा यादी वरून खाली तपासली, मान वर केली आणि म्हणाले, "वयनी, दहाच्या दहांम्होरं खुना केल्याव. योच तेवढा बघायचा रायला तुमचा."