हसऱ्या चेहऱ्याखालचे चिंचोके

तेवीस मुलं, तेवीस चिंचोके, आणि सगळे हसऱ्या चेहऱ्याखाली. केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे आमचे साहेब, तक्त्यासमोर खूश होऊन उभे होते.

"बाई, अख्खा वर्ग आनंदी. फोटो काढा, ग्रुपवर टाका."

मी काढला. चौथीतली कोमल पोट धरून तक्त्याशेजारी बसली होती, ती फोटोत येत होती. तिला मी जरा सरकायला सांगितलं.

तेव्हा मी पन्नाशीची होते, गेवराईच्या पुढं एका वस्तीशाळेवर. आता दोन नातवंडांची आजी आहे, त्यामुळे त्या बाईला हसायचा हक्क मला आहे. नुकतंच तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आले होते. विषय भावनिक साक्षरता. साधा अर्थ असा, की आपल्याला आत काय होतंय ते मुलाला ओळखता यावं आणि कुणाला तरी सांगता यावं. त्यासाठी भावनांचा तक्ता. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला असे चार चेहरे. सकाळी आल्या आल्या मुलानं आपला चिंचोका हवा त्या चेहऱ्याखाली ठेवायचा.

दिवाळी होऊन गेली होती. निम्म्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, ते थेट उन्हाळ्यात येणार. मुलं आजीपाशी. आणि तरी तक्ता हसत होता. बाईंना त्याचं जराही नवल वाटलं नाही. बाईंना वाटलं, ट्रेनिंगचा गुण आला.

मंगळवारी कोमलची आजी, अंजनाबाई, आल्या.

"बाई, पोरीचं नाव कमी करा. दर सोमवारी पोट दुखतंय, जेवत न्हाई. डॉक्टर म्हनतो काईच न्हाई. बेस्तरवारी मुकादमाची गाडी फडावर जानार हाय, तिच्यात बसवून देते."

फड म्हणजे जिथं तोड चालू असते ते उसाचं रान. कोमल तिकडं गेली की धाकट्या भावाला सांभाळणार आणि चौथी तिथंच संपणार. ती वर्गात सगळ्यांत चांगलं वाचायची.

मी कोमलला व्हरांड्यात बसवलं.

"सोमवारीच का गं दुखतं?"

"रविवारी आईचा फोन येतो."

"मग काय बोलतेस?"

"मजेत हाय म्हनते."

"आणि रडू आलं तर?"

तिनं मान हलवली. "आजी म्हनली, तू रडलीस की आईचं ध्यान उडतं. मग कोयता हातावर बसतो."

म्हणजे आईचा हात वाचवायला ही पोर दर रविवारी रडू गिळत होती.

"मग तक्त्यावर तरी रडक्याखाली ठेवायचा ना चिंचोका."

"तिथं ठेवलं की चूक असतं."

तेव्हा कुठं मला आठवलं. पहिल्या दिवशी ज्यांनी हसऱ्याखाली ठेवला त्यांच्यासाठी मी टाळ्या वाजवल्या होत्या. एकानं रडक्याखाली ठेवला, त्याला म्हटलं होतं, "असं नाही करायचं, चल, हस बघू." पोरं हुशार. बरोबर उत्तर त्यांनी एका दिवसात पाठ केलं. शिकवण्यात मी कधी कमी पडले नाही.

बुधवारी सकाळी सगळ्यांत आधी मी माझा चिंचोका रडक्या चेहऱ्याखाली ठेवला.

"बाई, चुकलं," तीन-चार जण एकदम बोलले.

"नाही चुकलं. माझी मुलगी पुण्यात असते. दिवाळीला आली नाही. मला करमत नाही."

 मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुमाला बी?"

थोड्या वेळानं एक चिंचोका हसऱ्याखालून निघाला. मग आणखी. टाळ्या कुणासाठीच वाजवल्या नाहीत. कोमलचा मुठीतच राहिला.

दुपारच्या सुट्टीत अंजनाबाईंना बोलावून घेतलं आणि माझ्या फोनवरून मुकादमाचा नंबर लावला. त्यानं कोमलच्या आईला हाक मारली. मागं ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

"कोमल, कावून गं? बरी हायस ना?"

"मजेत हाय," कोमल म्हणाली.  मग तिनं विचारलं, "आई, कोयता कुठं हाय?"

"हातात. का गं?"

"खाली ठेव."

"ठेवला. बोल."

"मला लई करमत न्हाई."

 

"मला बी न्हाई गं करमत," आई म्हणाली. "आता मी फोन केला की आदी कोयता ठेवीन. मग रड तू. मी बी रडन."

अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आमाला कसं वाटतं कुनी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः तीस वर्षं ऊस तोडला होता. दरसाल पोरं मागं ठेवून.

गुरुवारी गाडी गेली, कोमल राहिली. पोट दुखायचं पुरतं थांबलं नाही. पण आता ती आधीच येऊन सांगायची, "बाई, काल फोन झाला, आज माझ्याजवळ बसा." मी बसायचे. चौथी तिनं पुरी केली.

मुलाला कसं वाटतं हे विचारायचं असेल, तर त्या उत्तराला मार्क देऊ नयेत. एवढंसं कळायला मला सत्तावीस वर्षांची नोकरी आणि तीन दिवसांचं ट्रेनिंग लागलं.

त्या बुधवारी संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. मुलीला म्हटलं, तुझ्यावाचून करमत नाही. ती घाबरली. "आई, तब्येत बरी आहे ना तुझी?"

तिला लहानपणी मीच शिकवलं होतं, असं नाही करायचं, चल, हस बघू.