प्रश्न संपेपर्यंत चहा नको

निवृत्त झाल्यावर मी सीवूड्समधल्या एका संस्थेत जाऊ लागले. मुलांना विज्ञान, गणित, कॉम्प्युटर कितपत शिकायला मिळतं, हे ही संस्था घरोघरी जाऊन विचारते आणि कुठे काय कमी पडतंय ते शाळांना सांगते. जन्मभर विज्ञानच शिकवलेलं, तेव्हा हे आपल्या हातचा मळ, असं मला वाटलं. पण पहिल्याच दिवशी नियम ऐकवले. शिकवायचं नाही, चूक सुधारायची नाही, प्रश्नातला शब्द बदलायचा नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आणि प्रश्न संपेपर्यंत चहा घ्यायचा नाही. चहा झाला की लोक आपल्याला बरं वाटेल तेच बोलतात म्हणे.

मला सगळंच जड गेलं. पोरगं चुकलं की माझी जीभ वळवळते. जित्याची खोड, दुसरं काय!

एकदा नावडे कॉलनीतल्या एका घरी गेले. वडील तळोज्याला कारखान्यात, मूळचे साताऱ्याकडचे. मुलगी दहावीत. आईने मला बघताच चहाचं आधण ठेवायला घेतलं. मी नको म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मग मी मुलीला नेहमीप्रमाणे सांगितलं, तुझी उत्तरं गुप्त राहतील. वडील हातभर अंतरावर कॉटवर बसले होते.

शाळेत प्रयोग होतात का, घरी गणित कोण बघतं, सगळ्याची उत्तरं तेच देत होते. मी तोच प्रश्न पुन्हा मुलीकडे बघून विचारायची. ती इतकं हळू बोलायची की मला कान पुढे करावा लागायचा. मग प्रश्न आला, दहावीनंतर काय शिकायला आवडेल?

"कॉमर्स," वडील म्हणाले. "ठरलंय आमचं."

मी पुन्हा तेच विचारलं. त्यांनी पुन्हा कॉमर्स सांगितलं, जरा मोठ्याने, बाईंना कमी ऐकू येतं असं समजून. मी तरी तेच विचारलं. शेवटी आईच स्वयंपाकघरातून म्हणाली, की बाईंना पोरीचं उत्तर हवंय, तुम्ही जरा बाहेर थांबा. ते कुरकुरत गॅलरीत गेले. गॅलरीचं दार उघडंच राहिलं.

मी पुन्हा विचारलं.

"सायन्स. मला सायन्स घ्यायचंय."

इतका वेळ पुटपुटणारी पोर हे मात्र खणखणीत बोलली, आणि बोलताना बघत होती गॅलरीकडे. मला फार आनंद झाला. शाबास अगदी ओठांवर आलं होतं. चेहरा कोरा कसा ठेवला, ते माझं मला माहीत. उरलेले प्रश्न भराभर विचारले आणि उत्तरं टिपायचा टॅब पिशवीत टाकला.

वडील आत आले. आता पोरीवर ओरडतात की काय, म्हणून मी धास्तावले. पण ते कॉटवर बसले आणि माझ्याशीच बोलायला लागले.

"कॉमर्सचं तिचा मामा बघंल, तो अकाउंटात हाय. सायन्समधलं आमच्यात कुनाला काय कळत न्हाई. पोरगी अडली तर इचारनार कुनाला?"

मुलीने मान खाली घातली. माझे प्रश्न संपले होते.

"मला," मी म्हटलं, आणि तिच्या आईला हाक मारून सांगितलं, "आता ठेवा चहा."