पहिल्या कुदळीचा मान

आमच्या मुळशीकडच्या टेकाडावर त्या उन्हाळ्यात एक साहेब जुनं गाव उकरायला आले होते. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. खापराचा तुकडा सापडला की आधी फुंकर मारायचे, मग जिभेला लावायचे.

मी म्हटलं, "साहेब, भूक लागली असंल तर भाकरी हाय. खापरं कशाला चाटताय?"

ते हसले. भाकरी मात्र रोज खाऊ लागले.

एकदा मी विचारलं, "एवढं नांदतं गाव बुडवलं कुनी? गनिमानं?"

त्यांनी खड्ड्याच्या भिंतीवर बोट टेकवलं. "गनीम आला असता तर राख सापडली असती. हे त्यांचं पाण्याचं टाकं. काठापर्यंत नुसता गाळ आहे. काढायचं थांबले, आणि गाव उठलं."

माझी शाळा दुसरीतच सुटली, पण गाळ मला कळतो. आमच्या तळ्यातला दोन उन्हाळे तसाच होता. पहिली कुदळ मारायचा मान आमच्या घराचा. चुलतभाऊ म्हणे, त्याच्या घराचा. मानाची कुदळ पडल्याशिवाय गाव तळ्यात उतरत नाही, आणि खालच्या विहिरी आटत चाललेल्या.

मान मी सोडणारा नव्हतो, आजही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यात उतरलो आणि नुसत्या हातांनी घमेल्यात गाळ भरू लागलो.

चुलतभाऊ काठावर आला.

"कुदळ न्हाई ना मारलीस?"

"न्हाई."

"मग हरकत न्हाई," म्हणाला. धोतर वर खोचलं आणि आपलं घमेलं घेऊन खाली उतरला.