आईची नावं, वडिलांचा फोनो

लढाई संपली, आणि पुढच्या वर्षी आमचे हे पलटणीतून सुखरूप घरी आले. मी ओवाळलं, सासूबाईंनी दृष्ट काढली, शेजारपाजारी साखर वाटली. आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत मला यांचा मत्सर वाटायला लागला. ही गोष्ट तेव्हा मी कुणाला सांगू शकत नव्हते. नवरा चार वर्षांनी धडधाकट परत आला म्हणून जळणारी बायको कुणी पाहिली असेल का? मी तशी होते. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर सांगलीचं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. गावात नाटक कंपनीचा मुक्काम पडला की फाटलेल्या भात्यांच्या, बसलेल्या सुरांच्या पेट्या आमच्या ओसरीवर येऊन पडत. पेटी नीट झाली की अण्णा ती एकाच चालीवर तपासून बघत. भूपातलं एक भजन होतं, त्यांच्या आईकडून आलेलं. लहानपणी मी त्यांच्यासमोर बसून स्क्रू आणि सुरांच्या पितळी पट्ट्या हातात द्यायची आणि ते भजन म्हणायची. मी शिकले असं म्हणता येणार नाही. कानावर पडून पडून ते अंगात गेलं एवढंच.

लग्न होऊन मेढ्याला सासरी आले आणि गाणं थांबलं. कुणी मनाई केली नव्हती. पण चार दीर, सासरे, येणंजाणं, अशा घरात सुनेचा आवाज माजघराबाहेर जात नसे. हे साताऱ्याला कचेरीत कारकून होते, शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. मुलगा झाला, पण यांच्यासमोर मी एक ओळ कधी गुणगुणले नाही. यांनीही कधी विचारलं नाही. मुलगा दोन वर्षांचा आणि मुलगी माझ्या पोटात असताना हे पलटणीत कारकून म्हणून भरती झाले आणि ब्रह्मदेशाकडे गेले.

मुलाची छाती लहानपणापासून नाजूक. मेढ्याचा पाऊस त्याला सोसेना, म्हणून डॉक्टर जवळ असावा या हिशेबाने सासूबाई, मी आणि दोन मुलं असे साताऱ्यात दोन खोल्या घेऊन राहिलो. सासूबाईंना कानांनी फार कमी ऐकू येई. त्यामुळे कितीतरी वर्षांनी मला मोकळेपणी गाता आलं. भाकरी थापताना, मुलीची वेणी घालताना, मुलाच्या छातीला तेल चोळताना मी अण्णांचं भजन म्हणायची. मुलगा झोपेत सूं सूं श्वास घ्यायचा, अगदी जुन्या पेटीसारखा, म्हणून त्याचं नाव मी भात्या ठेवलं. मुलगी जन्मली तीच टिपेच्या सुरात रडत. ती टिपी. पाळण्यातली नावं दोघांनाही होती, पण घरात त्या नावांनी कुणी हाक मारत नसे. भजनाच्या चालीवर मी त्यांची नावं बसवायची आणि दोघं खुदुखुदु हसायची. टिपीला तर माझ्या आवाजाशिवाय घास उतरत नसे. चार वर्षं त्या दोघांना मी आणि मला ती दोघं, असं आमचं जग होतं. कठीण दिवस होते, पण खरं सांगते, मी सुखी होते.

आणि मग हे आले, ते फोनो घेऊन.

विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाने तो यांना देऊन टाकला होता. काळी पेटी, बाजूला चावी, आणि पाच तबकड्या. एकीवर बँड होता, दोन तबकड्यांवर हिंदी सिनेमातली गाणी, एकीवर सनई. पाचवीवर कुणी इंग्रज बाई गात होती. तिचा एक शब्द कुणाला कळत नव्हता, आणि मुलांना तीच सगळ्यात आवडायची. हे चावी भरत, सुई बदलत, हलक्या हाताने ती तबकडीवर टेकवत आणि मग दोन्ही मुलांचे हात धरून खोलीभर गोल गोल फिरत. टिपीने बापाला जन्मात पाहिलेलं नव्हतं. पहिले दोन दिवस ती माझ्या पदराआडून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी तबकडी लागली आणि ती यांच्याकडे गेली. गेली ती गेलीच.

नावंही बदलली. भात्याचा ‘हवालदार’ झाला आणि टिपीचा ‘बिगुल’. सकाळी हे हाक मारत, “हवालदार, हजर?” आणि माझा सहा वर्षांचा मुलगा टाच आपटून म्हणे, “हजर, साहेब.” सासूबाई कौतुकाने बघत बसत. मी चुलीपुढून बघायची आणि वाटायचं, माझं भात्या हे नाव यांनी त्याच्या अंगावरून शर्ट काढावा तसं काढून टाकलं.

एकदा दुपारी मी टिपीला भरवत होते. नेहमीप्रमाणे भजन सुरू केलं. बाहेरच्या खोलीत फोनो लागला होता. ती म्हणाली, “आई, तू थांब ना. त्या बाईचं ऐकू येत नाही.”

मी थांबले. घास हातातच राहिला. ती तो घेऊन पळत बाहेर गेली आणि बापाच्या मांडीवर बसून तिने तो खाल्ला.

आमच्याकडे मेढ्याच्या वाटेवरच्या एका वाडीतून एक बाई दूध घालायला यायच्या. वयाने माझ्या आईएवढ्या. माझं तोंड बघून त्या एकदा म्हणाल्या, “आवं बाई, धनी घरला आल्यात, आन तुमी अशा सुतक पडल्यावानी का दिसताय?”

मी म्हटलं, “काही नाही. मुलं माझं ऐकत नाहीत आता. सारखी त्यांच्यामागे असतात.”

त्या दूध मापता मापता थांबल्या. म्हणाल्या, “आसू द्या की. बाप हाय म्हणून त्याच्यामागं हायती. माझ्या नातवाला मागं लागायला कोन हाय?”

त्यांचा मुलगा इटलीत पडला होता. हे मला माहीत होतं आणि तरीही मी त्यांच्याजवळ हे बोलले. त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ दुधाचं भांडं घेऊन उभी राहिले. लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मत्सर गेला असं काही झालं नाही. दोन्ही एकाच वेळी मनात राहिली.

त्याच आठवड्यात मी फोनोच्या सुयांची डबी लपवली. हे आंघोळीला गेले होते, मुलं अंगणात होती. डबी उचलली आणि शिकेकाईच्या डब्यात तळाशी घातली. त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. सुईशिवाय फोनो मुका. मला वाटलं, मुलं चार दिवस रडतील आणि मग माझ्याकडे येतील.

मुलं रडली. यांनी सगळं घर शोधलं, ट्रंक उपसली, अंथरुणं झटकली. माझ्यावर संशय घेतला नाही, आवाज चढवला नाही. मीही त्यांच्याबरोबर शोधत होते, हे लिहिताना आजही कसंतरी होतं. साताऱ्याच्या दुकानात सुया नव्हत्या, लढाईपासून माल येत नव्हता म्हणे. तेव्हा हे म्हणाले, “तुझ्या अण्णांकडे असतील. नसल्या तर कुठं मिळतील ते त्यांना ठाऊक असेल. मुलांनाही आजोबा भेटतील. आम्ही जाऊन येतो.”

“तिघंच?” मी विचारलं.

“आईला एकटं कसं ठेवायचं? तू राहा.”

सकाळच्या सर्व्हिस मोटारीने तिघं सांगलीला गेली. माझ्या माहेरी, माझ्या वडिलांकडे, माझी मुलं, आणि मी साताऱ्यात सासूबाईंसाठी भात टाकत बसले. चार दिवस घरात आवाज नव्हता. गायला पूर्ण मोकळीक होती आणि तोंडातून एक सूर निघाला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ते परतले. मुलं दमली होती, जेवून लगेच झोपली. सासूबाईही पडल्या होत्या. मी यांना चहा दिला. यांनी अण्णांनी दिलेली सुयांची पुडी पुढ्यात ठेवली, पण फोनोकडे गेले नाहीत.

“तुझ्या अण्णांनी पेटी काढली,” हे म्हणाले. “एक भजन वाजवायला लागले. पहिली ओळ झाली नाही तोच दोघं गायला लागली. शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझी आईसुद्धा आतून येऊन गायला लागली. सगळ्या घराला ते येत होतं. मी एकटा गप्प बसलो होतो.”

मी पुडी उचलून कोनाड्यात ठेवली. हे सांगतच होते.

“मी विचारलं, हे कुणी शिकवलं? तर म्हणतात, आईने, भाकरी करताना. लग्नाला आठ वर्षं झाली आपल्या. तू गातेस हे मला तुझ्या वडिलांच्या ओसरीवर कळलं.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत,” मी म्हटलं.

“खरं आहे.” त्यांनी कप खाली ठेवला. “आणि ते नाव. आलो त्याच दिवशी मी त्याला भात्या म्हणून हाक मारली होती. तू पत्रात लिहायचीस ना, म्हणून. तर तो मला म्हणाला, ते आईचं नाव आहे, तुम्ही नका म्हणू. मग मी हवालदार काढलं. दुसरं काय करणार? माझ्याकडे त्यांना हाक मारायला नावच नव्हतं.”

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी झाला तो आनंद. पोटातून वर आला आणि मला तो लपवता येईना, म्हणून मी मान खाली घातली. माझ्या मुलाने माझं नाव कुणाला दिलं नव्हतं. प्रत्यक्ष बापालाही नाही. मग मी वर पाहिलं आणि यांचा चेहरा दिसला. तो चेहरा मी ओळखला. महिनाभर तोच घेऊन मी चुलीपुढे बसत होते.

मी उठले, आत गेले, शिकेकाईच्या डब्यातून डबी काढली आणि पदराने पुसून यांच्यापुढे ठेवली.

“मीच ठेवली होती,” मी म्हटलं.

यांना कळायला वेळ लागला. मला वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. फार हळू आवाजात म्हणाले, “तिकडे पावसात तंबूत बसून मी ठरवायचो, पोरांना आधी काय ऐकवायचं, मग काय ऐकवायचं. मुलगी तर मी बघितलीसुद्धा नव्हती. तिच्याकडे जायला माझ्याजवळ दुसरं काय होतं?”

आणि ते बाहेर निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फोनोही लावला नाही. टिपी मला विचारायची, “बाबांना काय झालं?” आणि मी सांगायची, “काही नाही, तू खेळ.” भात्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायचा. त्याचं ते बघणं मला सगळ्यात जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे बाहेरच्या खोलीत दाढी करत होते, दार उघडं होतं. मी दाराकडे पाठ केली आणि भजन म्हणायला सुरुवात केली. आवाज इतका कापत होता की अण्णांनी ऐकलं असतं तर पेटी बंद केली असती. दोन ओळी झाल्या आणि पुढे शब्दच आठवेनात. यांच्यासमोर गायची सवय नव्हती, दुसरं काही नाही. भाकरी तव्यावर करपायला लागली.

“पुढचं?” बाहेरून आवाज आला.

“पुढचं विसरले.”

भात्या अंथरुणातून उठून डोळे चोळत आला आणि त्याने पुढची ओळ म्हटली. मग मला सगळं आठवलं.

त्यानंतर घरात न ठरवता एक रीत पडली. सकाळ माझी, संध्याकाळ फोनोची. पुढे हे कचेरीत पुन्हा रुजू झाले, तेव्हा संध्याकाळची वाट मुलंच काय, सासूबाईही बघायच्या. त्या फोनोच्या अगदी जवळ कान नेऊन बसत. नावंही दोन-दोन राहिली. मी हाक मारली की भात्या, यांनी मारली की हवालदार. तो दोन्हींना ओ द्यायचा.

सगळं गोड झालं असं मात्र मी लिहिणार नाही. काही महिन्यांनी यांनी ते भजन शिकायचं मनावर घेतलं. यांना सुरांचं अंग अजिबात नव्हतं. मी शिकवायला बसले तर दोघांनाही संकोच वाटे. मग टिपीनेच ते काम अंगावर घेतलं. रविवारी सकाळी ती यांच्या मांडीवर बसे, ओळ म्हणून दाखवी, हे चुकले की यांच्या गालावर चापट मारी आणि म्हणे, “असं नाही बाबा, आई म्हणते तसं.” हे मुद्दाम पुन्हा चुकत. दोघं हसून हसून लाल होत. मी आतून तांदूळ निवडत ऐकायची. भजन माझं, चाल माझ्या वडिलांची, शिकवण माझी. आणि तरी त्या मांडीवर, त्या हसण्यात मी नव्हते. काळजात बारीकशी कळ यायची. पहिल्यासारखी नाही, पण यायची. मग मी ताट घेऊन बाहेर येऊन बसायची आणि तिथंच तांदूळ निवडायची.