गेंड्या आणि सोंड्या

काल शेजारच्या एका माडाच्या खोडातून तपकिरी रस गळत होता. त्याचा आंबूस वास आला आणि नागावच्या आमच्या वाडीत नारळ पाडायला येणारे काशिनाथमामा आठवले.

एका सकाळी त्यांनी एका माडाच्या शेंड्यातून काळा, शिंगाचा भुंगा तारेने ओढून काढला आणि खाली येऊन मला दाखवला. "ह्यो गेंड्या. शेणखतात वाढतो आन् वर येऊन कोवळा कोंब खातो. पानं कातरलेली दिसतात, म्हनून सापडतो तरी. पन ह्याच्या भोकात सोंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोडातच ऱ्हातात, आतून माड पोखरतात. भायेरून आधी काय दिसत न्हाय, आंबूस रस गळाया लागतो तवा उशीर झालेला असतो."

मग पुढच्या माडाला हात लावून म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. तू कान लाव. आत कुरतडल्यासारखं वाजतं काय?"

मी कान लावला. खरखरीत खोड गालाला टोचलं. आत अगदी बारीक करकर ऐकू आल्यासारखी वाटली. पण मला अलिबागची एसटी गाठायची होती.

"काही नाही, मामा."

ते चढले. मी फाटकापाशी पोचले तोच मागे कडाडलं. माडाचा शेंडा मामांसकट खाली आला होता. मोडलेल्या खोडात पिवळट अळ्या वळवळत होत्या. मामा पुन्हा उठले नाहीत.

"सोंड्यानं घात केला," सगळे म्हणाले. मीही मान हलवली. ती करकर वाऱ्याची असेल, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली. आज तशी घालता येत नाही. मामींना खरं सांगायचं होतं, पण त्याही गेल्या.