कोरड्यातलं कासव

“काहून?”

बाईंना काहीही सांगा, त्यांचा पहिला शब्द हाच, आमच्याकडचा ‘का’, असायचा. चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जराशी तिरपी करायची आणि समोरच्याकडे अशा नजरेनं बघायचं, की आपण बोललो ते खरं होतं का, असा प्रश्न त्या बिचाऱ्यालाच पडावा. वाशीमच्या आमच्या कॉलनीत त्यांची आणि माझी भिंत एकच. मी कोर्टाबाहेर बसून टायपिंग करतो, म्हणून त्या मला ‘वकीलसाहेब’ म्हणायच्या. तो टोमणा होता की लाड, हे मी कधी विचारलं नाही.

सगळी नोकरी त्यांनी प्राथमिक शाळेत काढली, त्यातली बरीचशी कामरगावात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. निवृत्त होतात, पण वर्ग काही सुटत नाही. भाजीवाल्याच्या पाटीवरचं ‘गाजार’ त्या खडूनं दुरुस्त करायच्या. बँकेत, दवाखान्यात, बसस्टँडवर कुणी ना कुणी त्यांच्या पाया पडायचं, आणि त्या त्याला आधी सरळ उभं राहायला सांगायच्या. यजमान लवकर गेले होते. एकुलता एक मुलगा पुण्यात, तोही तिसरीत त्यांच्याच वर्गात बसलेला.

एका उन्हाळ्यात मुलगा आणि सून आले ते काचेची पेटी घेऊन. पेटीत पाणी, पाण्यात निळे खडे आणि खड्यांवर तळहाताएवढं एक कासव. घरात उत्तरेला पाण्यात कासव ठेवलं की भरभराट होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आपल्याकडचं कासव पाळायला बंदी आहे, पण हे आफ्रिकेकडचं, याला चालतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. “आम्ही फिरून येतो, मग घेऊन जातो,” असं सांगून ते गेले. फिरून आले ते थेट पुण्याला. पेटी बाईंच्या टीव्हीशेजारीच राहिली.

ते कासव दिवसभर सर्वांत उंच खड्यावर चढून मान वर ताणून बसायचं. घसरलं की पुन्हा चढायचं. बाई दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून हाक आली.

“वकीलसाहेब, गाडी काढा. याले बाहेर यायचं हाय पान्यातून, आन आपल्याले समजून नाई राह्यलं.”

जनावरांचा डॉक्टर हसला नाही, हे त्याचे उपकार. “बाई, मी बैल पाहतो, म्हशी पाहतो, बकऱ्या पाहतो. कासवाले पहिल्यांदाच हात लावून राह्यलो,” तो म्हणाला. त्यानं आमच्यासमोरच फोन काढला, नागपूरच्या कुठल्याशा मित्राला फोटो पाठवले आणि उत्तर येईपर्यंत आम्हाला चहा पाजला. मग कासव उलटं धरून त्याचे पाय दाखवले. बोटांमध्ये पडदा नाही. हत्तीच्या पायासारखे गोल खांब. हे कोरड्या रानातलं जनावर, गवत खाणारं. याला पोहता येत नाही.

“मंग याले पान्यात टाका म्हून काहून सांगतलं त्या दुकानदारानं?”

डॉक्टरनं कासव सरळ करून बाईंच्या हातात दिलं. याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते कडू आहे. पाण्यातलं असो की वाळवंटातलं, आपल्या भाषेत दोघांना शब्द एकच, कासव. आणि तो शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे आपोआप पाणी येतं. नावावरून जीव ओळखायची आपली जुनी खोड आहे. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो.

घरी आल्यावर बाईंनी काचेची पेटी पालथी घालून तिच्यावर कुंड्या मांडल्या आणि मागच्या अंगणाचा ताबा घेतला. आमच्याकडची माती काळी, एकदा भिजली की आठवडाभर पाणी सोडत नाही, आणि ओल म्हणजे या जनावराच्या छातीला धोका. म्हणून त्यांच्या गावाकडच्या, इंझोरीच्या वावरातून मुरूम मागवला. तो मी आणि त्यांनी मिळून पसरला, म्हणजे मी पसरला आणि त्यांनी सूचना केल्या. आधी जाळीचं कुंपण केलं, तर जाळीपलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर जाळीला नाक घासत राहिलं. मग जाळी काढून शहाबादी फरश्या उभ्या गाडल्या. पलीकडचं दिसेनासं झालं तसं ते शांत झालं आणि अंगण आपलंच असल्यासारखं फिरू लागलं. फुटका रांजण आडवा, अर्धा जमिनीत पुरला, ते त्याचं घर. वर अर्ध्या जागेला पत्रा, अर्ध्या जागेला ऊन. पाण्याला डब्याचं पसरट झाकण, त्यात त्याची हनुवटी बुडेल इतकंच पाणी.

थंडीच्या दिवसांत खोक्यात बल्ब लावून त्याला आत घ्यायच्या. लाईट गेली की स्वतःच्या गुडघ्यांची गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याला टेकवायच्या. दुसऱ्या दिवशी गुडघे धरून कण्हायच्या आणि मी विचारलं की म्हणायच्या, “माहे गुडघे जुने झाले, त्याचे नवे हायेत.”

त्याचं नाव हेडमास्तर. आयुष्यात भोगलेल्या सगळ्या हेडमास्तरांची आठवण म्हणून. “पाहा, कसं सावकाश चावून राह्यलं. आमचे सगळे हेडमास्तर असेच फायलीवर सही करत.”

त्याचं खाणं हा आमच्या गल्लीतला भांडणाचा विषय होता. हरळी, घोळ, तरोट्याची कोवळी पानं, जास्वंदीचं फूल, काटे काढलेला निवडुंग. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला समुद्रफेस एका कोपऱ्यात, कवच घट्ट व्हावं म्हणून. बाकी काही नाही. पण आमच्या बायकांना जिवंत कासव दारात आल्याचा कोण आनंद. देवळात गाभाऱ्यापुढे दगडाचं असतं, इथे तर चालतं-फिरतं. सोमवारी ताट घेऊन यायच्या. कुणी दूधभात, कुणी पेढा, कुणी उपासाची उसळ. पाठीवर हळदकुंकू तर असायचंच.

“अवं, देव हाय तो,” एक जण म्हणाली.

“देव असन तं देवळात जा. हे माहं पोरगं हाय, याचं पोट बिघडते,” बाई म्हणाल्या आणि तिच्यादेखत जुन्या दातांच्या ब्रशनं कुंकू घासून काढलं. ती शेजारीण पुढे वर्षभर बोलली नाही. बाईंना ते बरंच वाटलं.

वर्षं गेली. हेडमास्तर ताटलीएवढा झाला, मग परातीकडे निघाला. मला वाटलं होतं, बाई त्याच्या वाढीवर खूश असतील. तशा होत्याही. पण एका संध्याकाळी फरशीवर बसून त्याला निवडुंग चारता चारता एकदम म्हणाल्या, “डॉक्टर म्हने, हे माणसापेक्षा जास्त जगते. वकीलसाहेब, माह्यामागं याले कोन पाहीन?”

मी म्हणालो, मी आहे ना.

“तुमी काय सोळा वर्साचे हाय का?”

तेव्हापासून रविवारच्या फोनवर मुलाला शिकवणी सुरू झाली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. गवतच दे. ओल नको. त्या पेटीत पुन्हा टाकायचं नाही. तिकडून ‘हो आई, हो आई’ येत असणार, कारण बाई मध्येच विचारायच्या, “सांग मी काय सांगतलं?” आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायच्या. गावभरच्या पोरांना शिकवलेल्या बाईंना एवढं एकच आपल्या पोराच्या डोक्यात घालता येईना. मुलगा वाईट नव्हता. त्याला ते म्हातारीचं वेड वाटायचं, आणि वेडाला माणसं प्रेमानं हो म्हणतात. हे प्रेम मला आता सहन होत नाही.

पावसाळा संपता संपता बाईंना दम लागू लागला. अकोल्याला हलवलं. मुलगा धावत आला, रजा टाकून उशाशी बसून राहिला. मी भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती आणि बोलायला श्वास पुरत नव्हता. मला विचारलं, “खाते ना?” मी म्हणालो, सगळं खातो, तुमच्यावर रागावलाय. त्या हसल्या. मग मुलाचं मनगट धरून म्हणाल्या, “त्याले कोंडू नको रे. मोकळं राहू दे.” मुलानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतर त्यांचं बोलणं झालं नाही.

दहाव्याचं सगळं इंझोरीला नदीवर झालं. कोर्टाच्या कामाची गर्दी होती, मला जाता आलं नाही. संध्याकाळी गवत घेऊन मागच्या अंगणात गेलो तर हेडमास्तर नव्हता. मला वाटलं, मुलगा त्याला पुण्याला न्यायच्या तयारीत असेल, गावाकडे सोबत घेऊन गेला असेल. मनात म्हटलं, चला, शिकवणी वाया गेली नाही.

तेरवीला इंझोरीच्या मांडवात पंगत बसली होती. मुलगा वाढायला फिरत होता, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. माझ्यापुढे आला तेव्हा मी विचारलं, हेडमास्तर कुठंय?

“सोडलं काका. मोकळं केलं.”

“कुठं?”

“वावरातल्या विहिरीत. दहाव्याच्या दिवशी. आईनं नोकरीभर लोकाईचं केलं, शेवटी त्याच्यातच जीव होता तिचा. अंगनात फरशीच्या आड कोंडल्यासारखं होतं ते. आता किती मोठं पानी हाय त्याले.”

मी घास ताटात ठेवला. “अरे, ते पाण्यातलं नव्हतं,” मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण आजूबाजूच्यांनी वर पाहिलं.

“काका, कासव पान्यातलं नाई तं काय झाडावरचं असते?”

पंगतीत हलकंसं हसू उमटलं, तेरवीला चालतं तेवढं. तोही जरा हसला, कितीतरी दिवसांनी हसला असेल. “आईनंच शिकवलं मले, तिसरीत. कासव कुठं राहते? पान्यात.”

“आमालेही बाईनंच शिकवलं,” पलीकडून कुणीतरी म्हणालं. मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. मांडवात निम्मे बाईंचे विद्यार्थी. बाईंनी शिकवलेलं आम्ही अजून विसरलो नाही, याचं सगळ्यांना भरून आलं होतं.

मला त्याच्या कानाखाली मारावंसं वाटलं. त्याचे डोळे भरलेले होते, म्हणून तेही करता आलं नाही. दहाव्यापासून तेरवीपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. आता खरं सांगून काय मिळवायचं होतं, ते मला ठरवता येईना. वरण ताटात पसरत गेलं.

मी नाराज आहे असं त्याला वाटलं असावं. त्यानं भांडं खाली ठेवलं, हात पुसले, फोन काढला आणि माझ्याजवळ उकिडवा बसला. फोनमध्ये विहीर होती. बादलीतून हेडमास्तरला अगदी हळू खाली सोडत होते, पाठीवर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. बादली कलली. तो पाण्यात गेला, वर आला, मान होती तेवढी ताणली आणि चारी पाय मारत विहिरीच्या कडेला पोचला. दगडावर नखं टेकवली, घसरला, पुन्हा टेकवली. काठावरची माणसं हात जोडून उभी होती. “पाहा, पाहा,” कुणाचा तरी आवाज आला, “कसं खुशीत पोहून राह्यलं.” तो पुन्हा घसरला आणि तिथेच व्हिडिओ संपला.

“तुमालेही पाठवून देऊ का काका?” मुलानं विचारलं. “आईची आठवन म्हून.”