समेच्या एक मात्रा आधी

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा रविवार, संध्याकाळचे पाच. जमा रक्कम चोवीसशे रुपये, माणशी सहाशे. हजर चौघे: कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका, कॉलेजात गाणं शिकवणाऱ्या एक बाई, माझी बायको आणि मी. काम एकच, एक जुनी टेप स्वच्छ करून घ्यायची.

आमचं श्रवणमंडळ दर रविवारी आमच्याच घरी भरतं. एक राग ठरवायचा, ज्याने त्याने त्या रागाचं आपलं आवडतं रेकॉर्डिंग आणायचं, सगळ्यांनी ऐकायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. दोन वर्षांच्या वह्या माझ्याजवळ आहेत. स्वतःच्या रेकॉर्डिंगला कोणी नवाच्या खाली गेलेलं नाही आणि दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला सहाच्या वर. काकांची गायिका बाईंना बेसूर वाटते. बाईंचा गवई काकांच्या मते गात नाही, तानांचं उत्पादन काढतो. पोह्यांना मात्र दोघांचेही दहा.

ती टेप तेवढी सगळ्यांना आवडायची. चाळीसेक वर्षांपूर्वी इथेच, जबलपुरात, एका घरी झालेल्या बैठकीतला मुलतानी. टेप केला होता माझ्या सासऱ्यांनी. मायक्रोफोन त्यांच्या मांडीशी होता, त्यामुळे गवयाच्या जोडीने तेही त्यात आहेत: दोनदा खोकले, एकदा "पंखा बंद करा रे", आणि विलंबितात एक दणदणीत "वा!" पुढे काकांनी ती टेप ऐकायला म्हणून नेली आणि सासरे वारले तरी परत केली नाही. संग्राहक लोक याला जतन करणं म्हणतात.

सासऱ्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. फोटो आहेत, पेन्शनच्या कागदांवर सह्या आहेत, पण आवाज तेवढाच. रविवारी काकांनी ती टेप आणून लावली की बायको ते "वा!" येईपर्यंत जागची हलत नसे. ते आलं की पोहे भिजवायला उठे.

अडचण अशी निघाली की ते "वा!" समेच्या एक मात्रा आधी आहे. शोध बाईंचा.

"दाद समेवर द्यायची असते," बाई म्हणाल्या. "हे मी विद्यार्थ्यांना ऐकवू कशी?"

"आता कॉम्प्युटरवर सगळं निघते," काका म्हणाले. "ओमतीच्या बाजारात एक जण करून राहिला. खोकला, पंखा, सगळं साफ."

"काहून साफ करायचं?" बायको म्हणाली. "बाबांचा आवाज आहे तो."

"वहिनी, भावना आपल्या जागी. पण वर तो गवई काय म्हणत असेल?"

"वर बाबाही आहेत. दोघं बघून घेतील."

बाई हसल्या, मत मात्र बदललं नाही. मतदान झालं. दोन बाजूने, एक विरुद्ध. हिशेब ठेवणाऱ्याने मत द्यायचं नाही, हा नियम मीच केलेला होता. त्या दिवशी तो मला फार सोयीचा पडला. विरोध केला तरी वर्गणी सुटत नाही, हाही नियम माझाच. बायकोने आतून सहाशे रुपये आणून माझ्या हातावर मोजले. म्हणजे स्वतःच्या वडलांचा आवाज पुसायचा चौथा हिस्सा तिने भरला. मी तिला रीतसर पावती दिली.

तीन आठवड्यांनी काका पेन ड्राइव्ह घेऊन आले. टेप दुकानात एकदाच धड वाजली, नंतर यंत्रात गुंतून तिचे तुकडे झाले.

"आता टेप लागतेच कशाला?" काका म्हणाले.

लावलं. पंखा गेला होता, खोकले गेले होते. "वा!"च्या जागी काहीच नव्हतं. दादेखाली गवयाचा जो सूर होता तोही तिच्यासोबत निघून गेला होता. मी घड्याळ धरून मोजलं, सेकंदभराचं भोक.

बाईंनी डोळे मिटले. "ऐकलंत? समेच्या तोंडाशी काय थांबलाय! सगळा राग त्या शांततेत उभा केलाय."

"इतकी वर्षं ही जागा झाकली होती हो," काका म्हणाले. "म्हणून म्हणत होतो, साफ करा."

त्या दिवशी दोघांनीही दहापैकी दहा दिले आणि शेऱ्यात लिहायला लावलं: विशेष गुण शांततेसाठी. मी लिहिलं. बायको केव्हाच आत गेली होती. पोहे आले, त्यात मीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ओमतीतल्या त्या दुकानात गेलो आणि साफ करण्याआधीचं मूळ गाणं मागितलं.

"ओरिजिनल तो रखा नहीं, भैया जी," दुकानदार म्हणाला. "जो आवाज़ें निकाली थीं, वो पड़ी हैं. कचरे वाली फ़ाइल."

त्याने हेडफोन दिला. गाणं नाही, तबला नाही. एक खोकला. "पंखा बंद करा रे." दुसरा खोकला. मग "वा!", आणि त्याला चिकटून आलेला गवयाच्या सुराचा धागा. एकूण अकरा सेकंद.

मी बायकोला फोन केला. ती ऑटो करून आली. हेडफोन लावून तिने एकदा ऐकलं. "भैया, फिर से लगाओ," म्हणाली. असं चार वेळा. मग माझ्याकडे वळली.

"किती खोकत होते हो. तेव्हा कोणी दवाखान्यात नेलं नाही."

मी दुकानदाराला विचारलं, या फाइलचे किती.

"कचरे का क्या पैसा, भैया जी?"

आकडा ऐकल्याशिवाय मी उठत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. "अच्छा चलो, सौ दे दो." बायको पर्स उघडायला लागली, मी तिचा हात धरला.

शंभर रुपये दिले, ओमतीच्या दुकानदाराला, माझ्या खिशातून.